तुमच्या निर्णयावर अपील नाही: लवाद आणि मध्यस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात लवाद म्हणून नेमणूक स्वीकारणारे निवृत्त न्यायाधीश, वकील, अभियंते आणि सनदी लेखापाल,
तसेच जिल्हा व तालुका न्यायालयांच्या मध्यस्थी केंद्रांत काम करणारे सर्व मध्यस्थ

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. वाटपाचे दावे, कर्जवसुली, मोटार अपघात, नवरा-बायकोचे वाद अशी कामे माझ्याकडे येतात आणि त्यातली बरीचशी आता तुमच्यासमोर जातात. काही तर मीच आग्रहाने पाठवते. वाटपाचा दावा वर्षानुवर्षे चालतो म्हणजे काय होते ते मी रोज पाहते. दावा लावणारा जातो, त्याचे वारस रेकॉर्डवर आणता आणता त्यांच्यातलेही एक-दोघे जातात आणि जमीन पडीक राहते. तेव्हा हे पत्र तुमच्या कामाविरुद्ध नाही. तुमचे काम लोकांनी विश्वासाने स्वीकारावे अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि तो विश्वास कुठे कुठे तुटताना दिसतो ते तुमच्या कानावर घालणे मला माझे कर्तव्य वाटते.

न्यायाधीश उघड्या कोर्टात बसतो. रोजनामा लिहिला जातो, साक्ष नोंदली जाते, मागच्या बाकावर कोणीही येऊन बसू शकतो आणि निकाल चुकला तर वर अपील आहे. तुमचे काम, लवादाने दोन्ही बाजू ऐकून निवाडा देण्याचे असो की मध्यस्थाने समेट घडवण्याचे, बंद दाराआड चालते. लवादाने कायदा चुकीचा लावला किंवा पुराव्याचे वजन चुकीचे केले, एवढ्या कारणावर देशांतर्गत निवाडा रद्द होत नाही. १९९६च्या लवाद व समेट कायद्याच्या कलम ३४मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. मध्यस्थीत तर आत काय बोलणे झाले याची नोंदच ठेवायची नसते. न्यायाधीशाच्या कामावर बाहेरून जी देखरेख असते, तिच्यातली फार थोडी तुमच्या वाट्याला येते. म्हणून जे कोणी विचारणार नाही ते तुम्ही आपणहून सांगायचे आणि जे सहज करता येईल त्यातले काही करायचे नाही, यावरच पक्षकाराची सगळी भिस्त असते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

आधी लवादांशी बोलते.

मागे माझ्याकडे माढा तालुक्यातले एक ट्रॅक्टरवाले आले. उसाच्या वाहतुकीसाठी कर्जावर ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेतलेल्या. वाहतुकीचे बिल लांबले, हप्ते थकले. त्यांच्या हातात एक पाकीट होते. आत इंग्रजीतले तीन कागद: कर्ज देणाऱ्या कंपनीने लवाद नेमल्याचे पत्र, त्या लवादाने नेमणूक स्वीकारल्याचे पत्र आणि सुनावणीची नोटीस. तिन्हींवर तारीख एकच, टाइपही एकच. सुनावणी परराज्यातल्या एका शहरात, नाहीतर मोबाइलच्या लिंकवर. पाकीट पोस्टाने हातात पडले तेव्हा ती तारीख होऊन गेली होती आणि त्याच तारखेला ट्रॅक्टर ताब्यात घेण्याचा अंतरिम आदेशही झाला होता. "मॅडम, हे कोर्टाचं आहे का कंपनीचं?" त्यांनी मला विचारले. मी तिन्ही कागद दोनदा वाचले. त्या कागदांवरून त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते.

कायदा या बाबतीत धूसर नाही. २०१५च्या दुरुस्तीने कायद्याला पाचवी आणि सातवी अनुसूची जोडली. सातव्या अनुसूचीत जे संबंध सांगितले आहेत, म्हणजे पक्षकाराचा नोकर, सल्लागार, नेहमीचा वकील वगैरे, त्यात बसणारा माणूस लवाद होऊच शकत नाही. वाद उद्भवल्यानंतर दोन्ही बाजूंनी स्पष्ट लेखी संमती दिली तरच अपवाद. २०१७मध्ये टीआरएफ विरुद्ध एनर्गो या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जो व्यवस्थापकीय संचालक स्वतः लवाद व्हायला अपात्र आहे, तो दुसऱ्याला नेमायलाही अपात्र आहे. २०१९मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले: निकालात ज्याचा स्वार्थ आहे, त्याला एकट्याच्या मर्जीने एकमेव लवाद नेमता येणार नाही. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी रेल्वे विद्युतीकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालात, दोन्ही बाजूंना समान वागणूक ही लवाद नेमण्याच्या टप्प्यापासूनच द्यावी लागते असे ठरवले.

एवढे असूनही पाकिटे येत राहिली. कंपन्यांबद्दल आत्ता मला काही म्हणायचे नाही, त्यांच्याशी आम्ही कोर्टात बोलू. पण नेमणुकीची पत्रे कोणी कितीही पाठवली तरी ती स्वीकारणारा कोणीतरी असावा लागतो, आणि तो तुमच्यापैकी कोणीतरी असतो. "ही नेमणूक एकतर्फी आहे, ती मी स्वीकारू शकत नाही, दोन्ही पक्षांनी मिळून नाव ठरवावे किंवा कलम ११ खाली उच्च न्यायालयात जावे," एवढे दोन ओळींचे उत्तर तुम्ही सगळ्यांनी पाठवायला सुरुवात केली तर ही पद्धत बंद पडायला नव्या कायद्याची गरज लागणार नाही. काही ठिकाणी आता कंपनी थेट नाव देत नाही, मधे एखादी ऑनलाइन संस्था उभी करते आणि नाव त्या संस्थेकडून येते. ती संस्था कोणी निवडली, तिचे पैसे कोण भरतो, तिच्याकडून तुम्हाला वर्षाला किती प्रकरणे येतात, हे तुम्हाला माहीत असते. कर्जदाराला नसते.

या प्रकाराचा आमच्या भागातल्या माणसावर काय परिणाम होतो तेही सांगते. निवाड्याला आव्हान द्यायची मुदत तीन महिने, फार तर आणखी तीस दिवस. आव्हान द्यायचे ते लवादाचे अधिकृत ठिकाण जिथे करारात लिहिले आहे तिथल्या कोर्टात, म्हणजे माढ्याच्या माणसाने दुसऱ्या राज्यात वकील शोधायचा. पण तोच निवाडा वसूल करायला कंपनीला तिकडे थांबावे लागत नाही. मालमत्ता जिथे असेल तिथे थेट दरखास्त दाखल करता येते असे २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. म्हणजे दाद मागायला परराज्य आणि जप्तीला स्वतःचे अंगण. हे अंतर तुम्ही निर्माण केलेले नाही. पण ते माहीत असलेला लवाद नोटीस बजावली गेली का, समोरच्याला ती वाचता आली का, लिंक उघडायला पुरेसे दिवस मिळाले का, एवढे विचारल्याशिवाय अंतरिम आदेश करणार नाही, ही अपेक्षा जास्त आहे असे मला वाटत नाही.

आता प्रकटनाबद्दल. तुम्ही नेमणूक घेण्यापूर्वी कलम १२ खाली जी लेखी माहिती देता, तिचा नमुना सहाव्या अनुसूचीत आहे. त्यात तुमची चालू लवाद प्रकरणे किती आहेत हे लिहायचे असते. पक्षकारांशी आधीचे आणि आताचे संबंध लिहायचे असतात. बारा महिन्यांत काम संपवायला वेळ देता येईल का, त्यात काही अडचण आहे का, हेही लिहायचे असते. पाचव्या अनुसूचीत तर अगदी नेमकी बाब आहे: गेल्या तीन वर्षांत एकाच पक्षकाराने किंवा त्याच्या संलग्न कंपनीने तुम्हाला दोन किंवा अधिक वेळा लवाद म्हणून नेमले असेल, तर तुमच्या निःपक्षपणाबद्दल रास्त शंका घ्यायला ते कारण आहे. दोन किंवा अधिक. ट्रॅक्टरवाल्यांच्या कागदात प्रकटनाचे पान होते. संबंधांसमोर ‘निरंक’ लिहिलेले आणि चालू प्रकरणांचा रकाना कोरा. त्याच लवादाच्या त्याच कंपनीसाठी निघालेल्या नोटिसा आमच्या बार रूममध्ये आणखी वकिलांकडे होत्या.

मला माहीत आहे, तुमच्यातले पुष्कळ जण म्हणतील की मी असे कधी केले नाही. ते खरे असणार. पण तुमच्या शेजारच्या खुर्चीतला माणूस असे करतो तेव्हा तुम्ही काय करता? आणि प्रकटन हे एकदाच करून संपत नाही, काम चालू असताना नवे काही घडले तर तेही लगेच कळवायचे असते, हे किती जण पाळतात? साक्षी चालू असताना एका बाजूच्या वकिलाने तुम्हाला दुसऱ्या प्रकरणात नेमले, तर दुसऱ्या बाजूला त्याच आठवड्यात कळायला हवे. त्याने हरकत घेतली तर तुम्हाला वाईट वाटेल, मान्य. पण हरकतीचे गणित जरा बघा. कलम १३ प्रमाणे तुमच्याविरुद्धची हरकत पहिल्यांदा तुमच्यासमोरच चालते. ती तुम्ही फेटाळली तर काम पुढे चालू राहते आणि पक्षकाराला निवाडा होईपर्यंत थांबावे लागते. ज्याच्यावर शंका आहे त्याच्याचकडे शंका मांडायची, तीही पुढे त्याच माणसाच्या हातात आपला निकाल आहे हे ठाऊक असताना. म्हणून हरकती फार येत नाहीत. हरकत आली नाही याचा अर्थ शंका नव्हती असा कृपया घेऊ नका.

फीबद्दल थोडक्यात. ओएनजीसी विरुद्ध ॲफकॉन्स गुनानुसा या प्रकरणात ३० ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लवादांना स्वतःची फी एकतर्फी ठरवता येणार नाही. पक्षकारांशी सुरुवातीच्याच बैठकीत ती ठरवावी आणि मग त्यात मधेच बदल करू नये. कारण साधे आहे. ज्याच्यासमोर आपले प्रकरण चालू आहे त्याला "साहेब, ही फी आम्हाला परवडत नाही" असे कोणता पक्षकार म्हणू शकेल? म्हटले तरी भीती, नाही म्हटले तरी खिशाला भार. आणि दर बैठकीला फी लावून पंधरा मिनिटांत पुढची तारीख देणे हे कुठल्याही अनुसूचीत नाव घेऊन मना केलेले नसेल, पण ते चूक आहे हे सांगायला कलम लागत नाही.

तुम्ही स्वतःला शिस्त लावली नाही तर बाहेरचा माणूस लावतो, आणि तो सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. २०१९च्या दुरुस्तीत आठवी अनुसूची आली होती. लवादाची पात्रता काय असावी हे तिच्यात होतेच, शिवाय त्याची सचोटीबद्दल ख्याती असावी अशी अटही होती. २०२१मध्ये ती अनुसूचीच काढून टाकली गेली. लवादांसाठी जी राष्ट्रीय परिषद त्याच दुरुस्तीत योजली होती, ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. आणि ३ जून २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदीच्या करारांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात लवादाचे कलम सरसकट घालू नये, घातले तर साधारणपणे दहा कोटी रुपयांच्या आतल्या वादांपुरते ठेवावे, असे सांगितले. त्या सूचनांमध्ये कारणे देताना बंद दाराआडचे काम आणि संगनमताबद्दलची लोकांची समजूत यांचा उल्लेख आहे. देशातला सगळ्यात मोठा पक्षकार तुमच्यावरचा विश्वास डळमळल्याचे लेखी सांगतो आहे. तो निर्णय मला पूर्ण पटत नाही, सरकारी अधिकाऱ्यांना निवाडा मान्य करण्यापेक्षा कोर्टात ढकलणे सोयीचे असते हेही त्यामागे आहेच. पण तुमच्या संघटनांनी त्यावर रागावण्याआधी त्यातला हा परिच्छेद एकदा शांतपणे वाचावा.

आता मध्यस्थांशी. तुमच्याशी बोलताना माझा सूर वेगळा असेल, कारण तुमच्यातले बहुतेक जण माझेच सहकारी आहेत, थोड्या मानधनावर दुपारच्या दुपार त्या खोलीत घालवणारे.

बार्शीकडची एक बहीण माझी पक्षकार होती. वडिलांच्या नावावरची बागायत जमीन, दोन भाऊ, ही एकटी बहीण. सातबाऱ्यावर तिचे नाव वारस म्हणून लागले होते आणि भावांना हक्कसोडपत्र हवे होते. कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवले. संयुक्त बैठकीत सगळे टेबलाभोवती बसलो. मध्यस्थ भले गृहस्थ, अनुभवी, त्यांच्या मनात वाईट काही नव्हते याची मला खात्री आहे. ते तिला म्हणाले, "ताई, कोर्टात जिंकाल हो, पण मग दिवाळीला माहेरी कोण बोलावणार?" ती मांडीवरच्या पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली. भाऊ टेबलाकडे बघत होते. मग मध्यस्थ म्हणाले, "रक्ताचं नातं एकरात मोजू नये." आणि तिने मान हलवली.

मी स्वतंत्र बैठक मागितली. दार लागल्यावर तिला विचारले, नक्की काय हवे आहे? ती म्हणाली, "मला सगळं नको. रस्त्याकडचा अर्धा एकर द्या आणि विहिरीवर पाण्याची पाळी द्या. बाकीचं त्यांना राहू दे." एवढे स्पष्ट मत असलेली बाई पाच मिनिटांपूर्वी मान हलवून सगळे सोडून द्यायला निघाली होती. शेवटी समेट झाला तो तिच्या म्हणण्याच्या जवळपास, पाळीचे वार कागदावर लिहून.

दिवाळीचा तो प्रश्न तिला विचारला गेला, भावांना नाही. बहिणीचा हिस्सा लिहून घेतल्यावर भाऊबीजेला ताटात काय टाकणार, असे कोणी त्यांना विचारले नाही. मध्यस्थाने आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही, एकही खोटे वाक्य उच्चारले नाही. तरी पारडे झुकले. महाराष्ट्राने मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क १९९४मध्येच कायद्याने दिला, केंद्राने २००५मध्ये दिला आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने मिळतो, वडील २००५मध्ये हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही, असे सांगून वाद संपवला. पण तालुक्याच्या मध्यस्थी केंद्रात ‘माहेर’ हा एक शब्द या सगळ्यावर मात करू शकतो.

तुम्ही म्हणाल, मध्यस्थाने कायदेशीर सल्ला द्यायचा नसतो. तिला तिचा हक्क समजावून सांगितला तर भाऊ म्हणतील की मध्यस्थ तिच्या बाजूचा. ही अडचण खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. माझे मत असे: हक्क काय आहे ते तुम्ही सांगू नका, पण तो सांगणारा कोणी तिच्याजवळ आहे का हे विचारणे तुमचे काम आहे. वकील नसेल तर बैठक थांबवा आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पुढची तारीख आठवड्याने पडेल. समेट आठवडाभर थांबू शकतो. आणि सोडून द्यायचा निर्णय तिने सगळे कळल्यावर घेतला, तर तो तिचा. तिथे मग आपण कोणीही मधे पडायचे नाही.

हे इतके लांबवून सांगण्याचे कारण २०२३च्या मध्यस्थी कायद्यात आहे. मध्यस्थीतून झालेल्या समेटाला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ द्यायचे त्यात ठरवले आहे, आणि तो समेट रद्द करण्यासाठी कलम २८मध्ये चारच कारणे ठेवली आहेत: फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी आणि मुळात मध्यस्थीला योग्य नसलेला वाद. पुन्हा वाचून पाहा. दबाव त्यात नाही. गैरवाजवी प्रभाव त्यात नाही. एरवी कोणताही करार दबावाखाली झाला म्हणून मोडता येतो. या यादीत ते कारण उरत नाही. मला हे कायद्यातले मोठे न्यून वाटते आणि ते दुरुस्त व्हावे असे मी जिथे बोलायची संधी मिळेल तिथे बोलते. पण तोपर्यंत त्या खोलीत दबाव येऊ न देणे ही जबाबदारी एकट्या मध्यस्थावर आहे.

नवरा-बायकोच्या प्रकरणांत हे आणखी नाजूक होते. मारहाण झालेल्या बाईला नवऱ्यासमोर बसवून "दोघांनीही थोडं समजून घ्या" म्हणणे म्हणजे निःपक्षपणा नव्हे. तिथे संयुक्त बैठक घ्यायचीच का, हा पहिला प्रश्न. तिला वेगळी बोलवा, वेगळ्या वेळी निघू द्या, बाहेर व्हरांड्यात सासरची माणसे उभी आहेत का ते बघा. आणि समेट होत नसेल तर नाही झाला असे लिहून मोकळे व्हा.

लिहिण्याचेच बोलते. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की समेट झाला तर मध्यस्थाने फक्त समेटाचा कागद कोर्टाला पाठवायचा, आत काय झाले ते लिहायचे नाही. नाही झाला तर मध्यस्थी यशस्वी झाली नाही, एवढे एकच वाक्य लिहायचे. कोणी अडून बसले, कोणी किती रक्कम देऊ केली, काही नाही. लेखी अहवालात हे बहुतेक ठिकाणी पाळले जाते. पण चहाच्या वेळी? "त्या मॅटरमध्ये प्रतिवादी दहा लाखांपर्यंत येत होता, बाईच ऐकत नाही," असे वाक्य दाव्याच्या न्यायाधीशाच्या कानावर गेले की पुढे पोटगीच्या अर्जावर काय होईल? कदाचित काहीच होणार नाही, न्यायाधीश ते मनातून काढून टाकतीलही. पण बाईने बंद खोलीत विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या माघारी फिरली, ती फिरलीच. स्वतंत्र बैठकीत एकाने सांगितलेले दुसऱ्याकडे नेतानाही तेच. "हे मी त्यांना सांगू का?" हा प्रश्न प्रत्येक वेळी, प्रत्येक आकड्याला विचारायला हवा.

तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. प्रतिवादी तुमच्या मेहुण्याचा शाळासोबती असतो, वादीचा भाऊ तुमच्या घराचा वायरमन असतो. पूर्ण अनोळखी मध्यस्थ शोधायचा ठरवला तर आमच्याकडे मध्यस्थीच होणार नाही, आणि ओळख असणे हा दोषही नाही. ती लपवणे हा दोष आहे. २०२३चा कायदा मध्यस्थाकडून वैयक्तिक, व्यावसायिक, आर्थिक अशा सगळ्या संबंधांचे लेखी प्रकटन मागतो. प्रशिक्षणात गांधीजींची गोष्ट नेहमी सांगतात: दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ यांचा वाद लवादाकडे नेऊन मिटवला आणि जिंकलेल्या बाजूला हप्त्यांत पैसे घ्यायला तयार केले. सुंदर उदाहरण आहे. पण गांधीजी तिथे मध्यस्थ नव्हते, ते दादा अब्दुल्लांच्या बाजूचे होते, हे त्यांना माहीत होते आणि समोरच्यालाही माहीत होते. ते कोणाचे आहेत हे उघड असल्यामुळेच त्यांनी आपल्या अशिलाला हप्ते घ्यायला सांगितले याचे मोल तय्यब शेठना कळले असणार.

आणि एक विनंती, जी खरे तर नियम म्हणून लिहिलेली असायला हवी: ज्या वादात मध्यस्थ म्हणून बसलात, त्यातल्या कोणत्याही पक्षकाराचे वकीलपत्र त्या वादात किंवा त्याच्याशी जोडलेल्या वादात पुढे कधी घेऊ नका. दोन-चार वर्षे गेली म्हणून नाही, पक्षकाराने फार गळ घातली म्हणून नाही.

राहता राहिला आकड्यांचा विषय. १५ ऑगस्ट २००७ला आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या झाल्या, कितीतरी बांधाचे आणि पाणंदीचे वाद कोर्टाबाहेर मिटले, ते चांगलेच झाले. पण गावाला बक्षीस होते, त्यासाठी गुण होते, आणि ज्या वादात एक बाजू दुबळी होती तिथे "गावाचं बक्षीस तुझ्यामुळं जाईल" हे वाक्य मी स्वतः पक्षकारांच्या तोंडून ऐकले आहे. २०२५च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये देशभर नव्वद दिवसांची मध्यस्थी मोहीम झाली तेव्हाही प्रत्येक जिल्ह्यातून किती प्रकरणे मिटली त्याची विचारणा होत होती. समेट झाला तर जास्त मानधन, नाही झाला तर कमी, अशी पद्धतही देशात काही ठिकाणी आहे. ज्यांनी ती ठरवली त्यांचा हेतू मध्यस्थांना उत्तेजन देण्याचा असेल, पण जो तटस्थ असायला हवा त्याचे पैसे निकालाला बांधणे मला मुळातच अयोग्य वाटते. मानधन वेळेचे असावे. न मिटलेल्या प्रकरणातही मध्यस्थाने तेवढाच वेळ आणि तेवढाच जीव घातलेला असतो. लोकन्यायालयांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जालौर सिंग प्रकरणात २००८मध्येच सांगितले की त्यांना निवाडा करण्याचा अधिकार नाही, त्यांचे काम समेट घडवण्यापुरते आहे, आणि दोन्ही बाजू राजी नसतील तर प्रकरण कोर्टाकडे परत गेले पाहिजे. मोहिमेच्या शेवटच्या दिवशी हे आठवणे अवघड जाते. म्हणून त्या दिवशी तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचे लेखी निवेदन, सहीसाठी पुढे करण्यापूर्वी ती मोठ्याने मराठीत वाचून दाखवा, आणि पक्षकाराला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. त्याला सांगता आले नाही तर सही घेऊ नका.

सोलापूरच्या आमच्या काही सहकाऱ्यांबरोबर मी प्रकटनाचा एक मराठी नमुना तयार केला आहे. तो एका पानाचा आहे. लवादासाठी त्यात या पक्षकाराकडून, त्याच्या संलग्न कंपनीकडून आणि नेमणूक करणाऱ्या संस्थेकडून गेल्या तीन वर्षांत किती नेमणुका मिळाल्या याचे तीन रकाने आहेत, आणि ‘निरंक’ लिहायचे असेल तर तेही तीनदा स्वतंत्रपणे सही करून लिहावे लागेल. मध्यस्थासाठी ओळखी-नात्यांचा रकाना आहे, दोन्ही बाजूंचे वकील धरून. तुमच्यापैकी ज्यांना तो वापरायचा असेल त्यांनी तो जरूर बदलून, सुधारून वापरावा. कायद्याच्या नमुन्याबरोबर तो जोडायला कोणतीही आडकाठी नाही. त्याच्या तळाशी पक्षकाराच्या सहीची जागा आहे, वकिलाच्या नव्हे, आणि सहीच्या वर छापले आहे: ही माहिती मला समजेल अशा भाषेत सांगितली गेली, प्रश्न विचारायला वेळ मिळाला आणि हा लवाद किंवा मध्यस्थ नको असे म्हणण्याचा मला हक्क आहे हे मला माहीत आहे.

आपली,
एक वकील,
जिल्हा न्यायालय, सोलापूर